‘रायट ॲक्ट’ वाचून दाखवणे: वाक्प्रचारामागचा कायदा

संघाच्या सुमार खेळावर संतापलेल्या प्रशिक्षकाने खेळाडूंना ‘रायट ॲक्ट वाचून दाखवला’, असे इंग्रजी वृत्तपत्रात छापून येते, तेव्हा त्याने त्यांची खरडपट्टी काढली, असा अर्थ आपण घेतो. तो बरोबरच आहे. मात्र त्यात ‘आता थांबला नाहीत तर परिणाम भोगाल’ हा अखेरचा इशाराही आहे, आणि तो थेट एका जुन्या कायद्यातून आला आहे.

१७१४ मध्ये राणी ॲनच्या निधनानंतर हॅनोव्हर घराण्यातला पहिला जॉर्ज ब्रिटनच्या गादीवर बसला. हा जर्मन राजा अनेकांना नको होता. पुढच्या वर्षी जागोजागी दंगली उसळल्या आणि अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रोटेस्टंटांची प्रार्थनागृहे जमावांनी मोडली. त्यावर संसदेने केलेला दंगलविरोधी कायदा १ ऑगस्ट १७१५ पासून अमलात आला. बारा किंवा अधिक माणसे बेकायदा जमून शांतता भंग करीत असतील, तर मॅजिस्ट्रेट, शेरीफ किंवा मेयर यांनी त्यांच्यासमोर राजाच्या नावाने घोषणा वाचायची, की ताबडतोब पांगा आणि शांतपणे आपापल्या घरी किंवा कामाला जा. त्यानंतर तासभर उलटूनही बारा जण तिथेच राहिले, तर शिक्षा मृत्यूची होती; जमाव पांगवताना कोणी मारले गेले, तर पांगवणाऱ्यांवर दोष येत नसे. घोषणेअखेरचे ‘ईश्वर राजाचे रक्षण करो’ हे शब्द गाळल्यामुळे न्यायालयाने ते वाचन ग्राह्य न धरल्याचेही उदाहरण आहे.

जिवाचा प्रश्न असताना हा काटेकोरपणा रास्तच होता. पण गर्दीच्या कोलाहलात ती घोषणा कोणाला ऐकू जाणार? १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर, संसदेत प्रतिनिधित्व मागण्यासाठी जमलेल्या हजारो स्त्रीपुरुषांवर घोडदळ घालण्यात आले. किमान १५ जण मृत्युमुखी पडले, शेकडो जखमी झाले. घोषणा वाचली होती, असे मॅजिस्ट्रेटांचे म्हणणे होते. मैदानातल्या बहुतेकांच्या कानी ती पडलीच नव्हती. पीटरलूचे हत्याकांड म्हणून ब्रिटन ते आजही विसरलेला नाही.

१८३७ मध्ये मृत्यूची शिक्षा गेली आणि इंग्लंडमध्ये १९६७ साली कायदाही रद्द झाला. तोवर वाक्प्रचार घरांत, शाळांत, कचेऱ्यांत रुळला होता. तो वापरताना बोलणाऱ्याच्या हाती शिक्षेचा अधिकार आहे, हे गृहीत असते. बरोबरीच्या दोघांच्या भांडणाला तो शोभत नाही.

भारतात १८६० च्या दंडसंहितेने बेकायदा जमावासाठी बाराऐवजी पाच माणसे पुरेशी मानली आणि पांगण्याचा हुकूम मिळूनही जाणूनबुजून थांबणे हा गुन्हा ठरवला. त्यात तासाभराची मुदत नव्हती. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती नाही.