एम२०३ ग्रेनेड लाँचर आणि 'नूब ट्यूब'

एम२०३ हा रायफलीच्या नळीखाली बसणारा, एका वेळी एकच गोळा डागणारा ४० मिलिमीटरचा अमेरिकन ग्रेनेड लाँचर. अमेरिकन सैन्याने तो १९६९ साली स्वीकारला. त्याआधी व्हिएतनाममध्ये एम७९ हा स्वतंत्र लाँचर वापरात होता. तो घेतलेल्या सैनिकाकडे रायफल नसे आणि एक बार काढला की पुढचा गोळा भरेपर्यंत त्याला सोबत्यांच्या भरवशावर राहावे लागे. एम२०३ थेट एम१६ रायफलीलाच जोडला गेला. त्याचे रिकामे वजन सुमारे १.३६ किलो.

भरायची रीत सोपी आहे. डाव्या बाजूची कळ दाबून नळी पुढे सरकवली की रिकामे काडतूस खाली पडते. नवे आत घालून नळी मागे ओढायची, खट् आवाज आला की बार तयार. लाँचरचा चाप रायफलीच्या मॅगझिनपुढे असल्यामुळे मॅगझिनच मुठीसारखे धरतात.

गोळा सेकंदाला सुमारे ७६ मीटर वेगाने निघतो. रायफलीच्या गोळीपुढे हा वेग काहीच नाही, म्हणून नळी वर उचलून कमानीत मारा करावा लागतो. ३५० मीटरवर पोचायला गोळ्याला पाचएक सेकंद लागतात. तेवढ्यात समोरचा माणूस जागा सोडून जाऊ शकतो. नेमक्या लक्ष्यासाठी भरवशाचा पल्ला १५० मीटरच, कमाल पल्ला ४०० मीटर.

या शस्त्राचा खरा विचार त्याच्या फ्यूजमध्ये, म्हणजे गोळा फोडणाऱ्या यंत्रणेत, दिसतो. नळीच्या आत कोरलेल्या पिळदार खाचांमुळे गोळा गरगर फिरत बाहेर पडतो. त्या फिरण्याच्या जोराने फ्यूजमधले अडसर सरकतात आणि साधारण १४ ते २८ मीटर गेल्यावरच गोळा फुटण्याजोगा होतो. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची असते, त्यावरून अंतराचा अंदाज यावा. गोव्यात जत्रेला आणि फेस्ताला गर्नाल, म्हणजे मोठ्या आवाजाचे दारूचे बार, उडवतात. ते पेटवणारा माणूस आधी पावले मागे घेतो, बघ्यांनाही मागे सारतो. इथे ती मागे घ्यायची पावले गोळ्याच्या पोटातच बसवलेली आहेत.

भारतीय सैन्यासाठी अशा जातीचा ४० मिलिमीटरचा लाँचर पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केला आहे. सोव्हिएत संघाचा जीपी-२५ याच कुळातला, पण त्यात गोळा नळीच्या तोंडातून भरतात.

बहुतेकांनी एम२०३ पाहिला तो पडद्यावर. २००७ सालच्या 'कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर' या गेममध्ये तो असॉल्ट रायफलींना जोडता येतो, त्यासाठी 'पर्क'ची, म्हणजे खेळाडूने निवडायच्या खास क्षमतेची, एक जागा सोडावी लागते आणि गोळे मिळतात दोनच. तरीही नेम न धरता घोळक्यात टाकून दोघा-तिघांना एकदम मारता येत असल्याने खेळाडूंनी त्याला 'नूब ट्यूब', म्हणजे नवशिक्याची नळी, हे नाव ठेवले. २००९ च्या 'मॉडर्न वॉरफेअर २'मध्ये 'वन मॅन आर्मी' हा पर्क घेऊन गोळे पुन्हा पुन्हा भरता येऊ लागले, तेव्हा तक्रार आणखी वाढली.

फोंड्यातल्या ज्या सायबर कॅफेत आम्ही शाळा सुटल्यावर जमत असू, तिथे आधी 'काउंटर स्ट्राइक' हा गेम चाले. त्यात हा लाँचरच नाही. नवा गेम आल्यावर डाव सुरू होण्याआधी कोणीतरी ओरडायचा, "नळी बंद हां रे!" तो नियम मोडणाऱ्याला पुढच्या डावात कोणी संघात घेत नसे. माझ्या मते हे नाव नळीवर थोडा अन्याय करते. लांबच्या खिडकीत गोळा बरोबर उतरवायला कमान डोळ्यांत बसावी लागते, आणि ती काही एका दिवसात बसत नाही.

गेममध्ये वजन खांद्याला जाणवत नाही आणि न फुटलेला गोळा पुढे कुणाच्या शेतात पडून राहत नाही. प्रत्यक्षात असे पडलेले गोळे वर्षानुवर्षे जीवघेणे ठरतात. फ्यूजचा नियम मात्र गेमने पाळला आहे. अगदी जवळून डागलेला गोळा फुटत नाही. तो अंगावर आदळूनच समोरच्याला मारतो आणि भिंतीला लागला तर नुसता उसळून खाली पडतो.