खोल जहाजाचा सराव उथळ पाण्यात

२५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापलीकडे, नॅनटकेट बेटाच्या दक्षिणेला, ‘आंद्रेया दोरिया’ या इटालियन प्रवासी जहाजाला ‘स्टॉकहोम’ जहाजाने धुक्यात धडक दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुडाले आणि सुमारे ७३ मीटर खोलीवर उजव्या कुशीवर कलंडून पडले. तेव्हापासून ते पाहायला उतरलेल्या डझनाहून अधिक डायव्हर्सनी तिथे जीव गमावला. त्यातले अनेक जण चांगले मुरलेले होते.

अशा डाइव्हआधी अनुभव हवा, हे सगळेच सांगतात. पण तो अनुभव थेट खोलवर जाऊन का मिळवता येत नाही, याचे कारण क्वचितच कोणी समजावून देते. ते कारण आपल्या मेंदूत आणि श्वासात आहे.

आधी श्वासाचा हिशोब. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक वातावरण एवढा दाब वाढतो. म्हणजे ४० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट, आणि प्रत्येक श्वासात हवाही पाचपट खर्च होते. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण) भरला तर त्यात सुमारे २,४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या माणसाला ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल, ४० मीटरवर २४ मिनिटे आणि ७० मीटरवर जेमतेम १५. जहाजाच्या आत शिरणारे डायव्हर्स निदान तिसऱ्या हिश्श्याचा नियम पाळतात: एक हिस्सा जायला, एक परतायला, एक संकटासाठी. ४० मीटरवर एका सिलिंडरचा एक हिस्सा म्हणजे आठ मिनिटे. माणूस घाबरला की श्वास सहज दुप्पट होतो आणि त्या आठाची चार होतात. म्हणून शांत श्वास ही स्वभावाची गोष्ट न मानता शिकायचे कौशल्य मानावे, असे मला वाटते.

आता मेंदू. साधारण ३० मीटरच्या पुढे दाबाखालचा नायट्रोजन गुंगी आणू लागतो. विचार मंदावतो, लक्ष एकाच गोष्टीला चिकटते, आणि वाईट म्हणजे आपण ठीक आहोत असेच वाटत राहते. वारंवार खोल गेल्याने ही गुंगी ‘अंगवळणी पडते’ असा अनेकांचा दावा असतो. पण आपल्याला सवय झाल्यासारखे वाटणे वेगळे आणि चाचणीत कामगिरी सुधारणे वेगळे. त्यातच खोलवर हवा दाट होते. ४० मीटरवर तिची घनता पृष्ठभागावरच्या पाचपट असते, ती आत-बाहेर ढकलायला श्वासाचे स्नायू झगडतात, आणि पायातले फिन (पोहण्याचे वल्हे) जोराने मारले तर कार्बन डायऑक्साइड साचू लागतो. तो गुंगी वाढवतो आणि धाप लागल्याची भीतीही निर्माण करतो. थोडक्यात, जिथे नवे काही सुचायला हवे तिथेच सुचेनासे होते. तिथे हाताला येते ते आधीच मुरलेले.

हेलियम मिसळलेल्या वायूने गुंगी आणि घनता दोन्ही कमी होतात, म्हणून खोल जहाजांवर तोच वापरतात. मात्र त्याबरोबर सिलिंडरांची संख्या वाढते. वर येताना घ्यायच्या थांब्यांसाठी नेलेले ५० टक्के ऑक्सिजनचे मिश्रण २१ मीटरपासून वर चालते; तेच चुकून ६० मीटरवर तोंडात घेतले तर ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, ३.५ बार होतो. मान्य मर्यादा १.६ आहे. याचा परिणाम आकडीसारखा झटका येऊन रेग्युलेटर, म्हणजे श्वासाची नळी जोडलेला तोंडातला भाग, सुटण्यात होऊ शकतो.

जहाजाच्या आत आणखी वेगळी गंमत. (गंमत म्हणजे काय, ते आत गेल्यावर कळते.) तळाशी बारीक गाळ बसलेला असतो, वरखाली मारलेल्या फिनने तो उसळला की काही सेकंदांत टॉर्चचा उजेडही निरुपयोगी ठरतो. गाळ हलवला नाही तरी सुटका नाही, कारण आपल्याच श्वासाचे बुडबुडे छताचा गंज खाली पाडतात. म्हणून बेडकासारखे पाय मारणे, शरीर आडवे आणि स्थिर ठेवणे, रीलची दोरी बांधत आत जाणे आणि डोळे मिटून तिला धरून बाहेर येणे, मास्क निघाला तरी वर-खाली न होणे, पाठीवरचे व्हॉल्व्ह न पाहता बंद करणे, हे सगळे सहा-आठ मीटरवर घोटून घ्यायचे असते. तिथे चूक झाली तर वर येता येते. खोल डाइव्हनंतर तसे येता येत नाही. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये मांडलेल्या टप्प्याटप्प्याने वर येण्याच्या पद्धतीचा पाया आजही कायम आहे: ऊतींत विरघळलेला वायू सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो, त्यामुळे पृष्ठभाग दिसत असूनही थांबे चुकवता येत नाहीत.

पायऱ्या साधारण ठरलेल्या आहेत. नवशिक्याची मर्यादा १८ मीटर, पुढे ३०, आणि छंद म्हणून केलेल्या डायव्हिंगची हद्द ४०. प्रमाणपत्र हाती आले म्हणजे ती खोली पचली, असे मात्र नाही. माझ्या मते एकावेळी एकच गोष्ट वाढवावी: खोली, नाहीतर आतला शिरकाव, नाहीतर नवे उपकरण. सुरुवातीला मुद्दाम बुडवलेली जहाजे बरी, कारण त्यांत बहुधा बाहेर पडायला मोठी भोके कापलेली असतात. त्यानंतर १९८० मध्ये सायप्रसमधल्या लार्नाकाजवळ बुडालेल्या ‘झेनोबिया’सारखे जहाज विचारात घ्यावे. तेही कुशीवरच पडले आहे, पण त्याची वरची बाजू १६-१७ मीटरवर आणि तळ सुमारे ४२ मीटरवर आहे. भिंतीची जमीन झाली की दिशा कशी हरवते, दार पायाखाली आले की त्यातून कसे उतरायचे, हे त्याच्या वरच्या बाजूला बाहेरूनच अनेकदा पाहता येते. आत शिरायची घाई तिथेही नको. ‘झेनोबिया’वरही माणसे मेली आहेत.