नॉक्स एन्झाइम: शरीर मुद्दाम फ्री रॅडिकल्स का बनवतं, त्याची पार्श्वभूमी

पांढऱ्या पेशी जंतू गिळताना एकदम जास्त ऑक्सिजन ओढतात हे 1933 मध्येच दिसलेलं, पण गिळायला ताकद लागत असेल म्हणून सगळे गप्प बसले. 1959 ला सायनाइड घालूनही तो वापर वाढतोच हे कळलं. सायनाइड मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी यंत्रणा, बंद पाडतं, म्हणजे तिचा यात हात नाही. मग 1973 ला ठरलं की हा ऑक्सिजन सुपरऑक्साइड नावाचा फ्री रॅडिकल (चटकन इतर रेणूंवर तुटून पडणारा रेणू) बनवण्यात जातो. तो बनवणारं एन्झाइम म्हणजेच नॉक्स.

मधल्या काळात काही लहान मुलं साध्यासाध्या इन्फेक्शनने दगावत होती, त्या आजाराला सीजीडी (क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज) म्हणतात. त्यांच्या पांढऱ्या पेशींत हा सुपरऑक्साइड बनतच नाही. ते तपासणाऱ्या एनबीटी टेस्टमध्ये पिवळसर डाय चांगल्या पेशीत निळा-काळा होतो, या मुलांच्या पेशी तशाच कोऱ्या राहतात, आणि एक्स-लिंक्ड (दोष एक्स क्रोमोसोमवर असलेल्या) प्रकारात बऱ्याचदा आईच्या काही पेशी निळ्या तर काही कोऱ्या. स्लाइडवर इतकं स्पष्ट दिसणारं जेनेटिक्स क्वचितच सापडतं. या प्रकारातला बिघडलेला जीन, म्हणजे पांढऱ्या पेशीतल्या नॉक्स2 चा, 1986 ला हाती लागला.

खरा वाद मात्र जंतू नक्की मरतो कशाने यावर आहे. जुनं मत असं की सुपरऑक्साइडपासून पेरॉक्साइड आणि त्यापासून मायलोपेरॉक्सिडेज या पांढऱ्या पेशीतल्या दुसऱ्या एन्झाइममुळे ब्लीचसारखं आम्ल बनतं, तेच मारतं. पण हे मायलोपेरॉक्सिडेज नसलेली बरीच माणसं धडधाकट फिरतात, त्याचं काय? 2002 ला दोन प्रोटीएज (प्रथिनं तोडणारे एन्झाइम) काढलेल्या उंदरांत सुपरऑक्साइड व्यवस्थित बनूनही जंतू मरेनात, म्हणून दावा झाला की नॉक्स जंतू गिळलेल्या पिशवीच्या आत इलेक्ट्रॉन ढकलतो, चार्ज सांभाळायला पोटॅशियम आत येतं, त्याने प्रोटीएज मोकळे होतात आणि मारायचं काम ते करतात. पोटॅशियम कुठल्या चॅनेलने (पडद्यातल्या वाटेने) येतं यावर 2004 चा पेपर आला, तो इतरांना जमेना आणि 2010 ला मागे घेतला गेला. त्यानंतर लोकांनी अख्खी थिअरीच मोडीत काढली, हे मला अजिबात पटत नाही, चॅनेल चुकलं म्हणून प्रोटीएजचा मुद्दा खोटा ठरत नाही.

1999 नंतर आतड्यात, किडनीत, थायरॉइडमध्येही या नॉक्सचे भाऊबंद सापडले, आता एकूण सात. त्यातला थायरॉइडमधला ड्युऑक्स2 बिघडला तर बाळाला जन्मतः थायरॉइड कमी असू शकतो, कारण हॉर्मोन बनवायला पेरॉक्साइड लागतंच. एवढं असून फ्री रॅडिकल्स म्हणजे निव्वळ कचरा असं सांगून अँटिऑक्सिडंट गोळ्या खपवतात याचा खरंच राग येतो. नॉक्स1 आणि नॉक्स4 ला रोखणारं सेटानॅक्सिब हे औषध ट्रायलमध्ये गेलं, आणि अशा औषधांनी नॉक्स2 ला हात न लावणंच बरं, कारण तो पुरता बंद पडला तर जे होतं ते सीजीडीच्या मुलांत दिसलेलंच आहे.