एडका उडून का पडत नाही?

टेक्सासमधल्या शिकारीचे व्हिडिओ हल्ली इंदूरच्या व्हॉट्सॲप गटांतही फिरतात. खडकाळ उतारावर उभा दाढीवाला एडका, बंदुकीचा बार, एडका दचकतो आणि चक्क पळत सुटतो. खाली ठरलेला शेरा: ‘बंदूक लहान पडली.’ म्हणजे मोठी असती तर एडका उडून पडला असता. महूची छावणी जवळ असलेल्या शहरात तरी हा शेरा येऊ नये. बहुतेक वेळा बंदूक पुरेशी असते. चुकलेली असते ती गोळीची निवड किंवा नेम.

हा प्राणी म्हणजे बार्बरी मेंढी, तिकडच्या शिकाऱ्यांच्या बोलीत ऑडॅड. मूळचा उत्तर आफ्रिकेतल्या कोरड्या डोंगरांतला. तिथे त्याची संख्या घटते आहे. पण १९५०च्या दशकात न्यू मेक्सिको आणि टेक्सासमध्ये सोडल्यावर तो असा फोफावला की स्थानिक बिगहॉर्न मेंढ्यांच्या चाऱ्यावर उठला. म्हणून तिथे त्याची शिकार चालते. (आपल्या माळव्यातली शेते तुडवणारी नीलगायही १९३०च्या आसपास टेक्सासच्या कुरणांत नेलेली आहे.) भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा छंद बंद आहे, आणि ते बरेच आहे. भौतिकशास्त्राला मात्र बंदी नाही.

आधी ‘उडून पडण्याचा’ हिशेब करू. .३०८ विंचेस्टर काडतुसातली (आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचांत) १६५ ग्रेनची गोळी, म्हणजे १०.७ ग्रॅम, नळीतून सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगाने निघते. तिचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ८.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. तो सगळाच्या सगळा ११५ किलोच्या एडक्याला मिळाला, तरी एडका सेकंदाला जेमतेम पावणेआठ सेंटिमीटर सरकेल. शिवाय न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढाच संवेग, दारूच्या वायूंमुळे जास्तच, बंदूक चालवणाऱ्याच्या खांद्यावर येतो. तो कुठे उडून पडतो? काडतुसांच्या जाहिरातीतली ‘नॉकडाउन पॉवर’, म्हणजे धक्क्याने पाडण्याची ताकद, आणि गोळी लागू नये म्हणून दंडाला बांधलेला ताईत, दोन्ही एकाच कपाटात ठेवण्याच्या लायकीचे.

प्राणी मरतो तो मेंदूला रक्त पुरेनासे झाल्यामुळे. हृदय किंवा दोन्ही फुप्फुसे फाटली तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंदांचा प्राणवायू शिल्लक असतो, आणि तेवढ्यात एडका सहज शंभर मीटर जातो. तेव्हा प्रश्न धक्क्याचा नाही. फऱ्याचे हाड ओलांडून छातीच्या आत रुंद, आरपार भोक पडले का, एवढाच आहे.

इथे खरी गंमत सुरू होते. मांसात बहुतांश पाणी. पाण्यात वेगाने घुसणाऱ्या वस्तूच्या टोकावर येणारा दाब म्हणजे घनतेची निम्मी पट गुणिले वेगाचा वर्ग. ३०० मीटरवर आपल्या गोळीचा वेग साडेसहाशेपर्यंत उतरलेला असतो. आकडे घाला: ५०० गुणिले ६५० गुणिले ६५०, म्हणजे सुमारे २१ कोटी पास्कल, हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींहून जास्त. शुद्ध शिसे एक-दोन कोटी पास्कलला दबते. मऊ केलेले तांबे तुटायला मात्र जवळजवळ २१-२२ कोटी लागतात. त्यामुळे शिशाचे टोक या वेगाला हमखास अळंबीसारखे पसरते, आणि निव्वळ तांब्याची गोळी सीमारेषेवर असते. म्हणूनच तांब्याच्या गोळीच्या टोकाला पोकळी ठेवून आतून चिरा पाडलेल्या असतात. पाणी पोकळीत घुसते आणि पाकळ्या उघडतात. वेग ५५०वर आला की दाब १५ कोटींवर येतो. तांबे मिटलेलेच राहू शकते, मग गोळी पेन्सिलीएवढे भोक पाडून निघून जाते आणि एडका दोन डोंगर ओलांडून रात्री कुठेतरी मरतो. वर्गाचा नियम निष्ठुर असतो: वेग पंधरा टक्के घटला तर दाब सुमारे अठ्ठावीस टक्के घटतो.

उलट टोकाची चूक जवळून होते. ८२० वेगाला दाब ३३ कोटींवर. शिशावर तांब्याचे पातळ वेष्टन असलेली साधी गोळी फऱ्याच्या हाडावरच फुटते. ७.८ मिलिमीटरची गोळी पसरून १५ मिलिमीटर झाली की तिचे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त वाढते, रोध त्याच प्रमाणात वाढतो, आणि तुकड्यांत वाटल्या गेलेल्या वजनाला आत शिरायचे बळ उरत नाही. बाहेरून जखम भयंकर दिसते, फुप्फुस शाबूत.

फुलणाऱ्या गोळीचा इतिहास आपल्याच देशातला. १८९०च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडम शस्त्रागारात .३०३च्या गोळीचे टोक वेष्टनाबाहेर उघडे ठेवले गेले. १८९९च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात अशा गोळ्या नाकारल्या. शिकारीत नेमके उलटे: अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत मोठ्या प्राण्यावर न फुलणारी गोळी चालवायला मनाई आहे, कारण ती जखमी करून सोडते.

ऑडॅडसाठी मधला मार्ग म्हणजे शिसे आणि वेष्टन वितळवून जोडलेली, बाँडेड गोळी. तिचे ऐंशी-नव्वद टक्के वजन टिकते. .३०८ किंवा .३०-०६ काडतुसामध्ये १६५ ते १८० ग्रेन, .२७० विंचेस्टरमध्ये १३० ते १५०. तांब्याची घ्यायची तर एक पायरी हलकी घ्यावी, म्हणजे वेग जास्त मिळतो. लक्ष्यवेधाच्या स्पर्धेतली मॅच गोळी नको; तिची जडणघडण कागदावरच्या भोकासाठी असते. आणि ज्या काडतुसावर बंदुकीची दुर्बीण जुळवली तेच शेवटपर्यंत वापरायचे. वजन तेच पण कंपनी वेगळी असली तरी शंभर मीटरवर मार काही सेंटिमीटर सरकतो. थंड नळीतली पहिली गोळी कुठे जाते, ते वेगळे तपासून ठेवावे.

आता नेम. एडक्याच्या गळ्यापासून छातीपर्यंत आणि पुढच्या पायांवर लांब केसांची झालर असते. ती धरून ‘शरीराचा मध्य’ काढला की नेम हमखास खाली जातो आणि गोळी केसांतून किंवा छातीच्या हाडाखालून निघते. घाबरून वर धरला तर दुसरा सापळा: खांद्यावर मणक्यांचे उंच काटे असतात. तिथे गोळी लागली की मज्जारज्जूला हिसका बसून प्राणी जागच्या जागी कोसळतो, शिकारी टाळ्या पिटतो आणि अर्ध्या मिनिटात एडका उठून चालू लागतो. प्राणी आडवा उभा असेल तर झालर वगळून छातीची उंची मोजावी आणि तळापासून एक तृतीयांशावर, पुढच्या पायाच्या मध्यरेषेवर धरावे. हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या फऱ्यांच्या मधोमध, बऱ्याच पुढे असतात. गोळी मऊ असेल तर पायाच्या मागच्या कडेला सरकावे, हाड टाळावे. तिरका उभा असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे रोख ठेवावा. प्रवेशाची जागा आपोआप ठरते. मागे दुसरी मेंढी असेल तर चापच ओढू नये, आरपार गेलेली गोळी तिलाही लागते.

चढ-उतारावर आणखी एक चूक. गुरुत्वाकर्षण आडव्या अंतरावर काम करते. ३० अंशांच्या उतारावर ३०० मीटर दिसत असेल तर हिशेबाचे अंतर २६० मीटर. २०० मीटरवर जुळवलेली ही गोळी सपाटीवर ३०० मीटरला सुमारे २६ सेंटिमीटर खाली येते, २६० ला तेरा. म्हणजे पूर्ण ३०० धरून दुर्बीण फिरवली तर गोळी दहा ते तेरा सेंटिमीटर वर, त्या काट्यांच्या दिशेने. वर मारा किंवा खाली, नियम एकच.

बार झाल्यावर लगेच पुढचे काडतूस भरून दुर्बिणीतच डोळा ठेवावा. एडका उभा आहे तोवर दुसरी गोळी द्यायला हरकत नाही. मग रक्त पाहावे: गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, माग जवळच संपतो. गडद लाल, दाट असेल तर यकृत, तासभर तरी थांबावे. हिरवट, वास मारणारे असेल तर पोट. चार-सहा तास हलू नये, कारण मागे लागले की तो वर कड्याकडे चढतो आणि मग दोर लावूनही हाती येत नाही.