गोष्ट आपली, घडवतो ऐकणारा

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बावेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. ‘थोडक्यात वाचलो’ असा स्वतःचा एखादा प्रसंग अनोळखी माणसाला सांगायचा, एवढंच सांगणाऱ्याचं काम. काही ऐकणाऱ्यांवर मात्र वेगळी कामगिरी सोपवलेली होती. समोरच्याच्या तोंडून इंग्रजी ‘टी’ अक्षराने सुरू होणारा शब्द आला की त्यांनी बटण दाबायचं. म्हणजे शब्दांकडे त्यांचे कान टवकारलेले, पण गोष्टीकडे लक्ष नाही.

याचा फटका बसला तो सांगणाऱ्याला. जिथे ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स व्हायला हवं, नेमकी तिथेच गोष्ट ढेपाळली. कुणी घाईघाईत आटोपतं घेतलं, कुणी शेवट पुन्हा पुन्हा सांगत राहिलं, तर कुणी प्रसंग किती बाका होता हे समजावून सांगू लागलं. प्रसंग तोच होता आणि माणसंही बोलण्यात कमी नव्हती. कमी पडले ते ऐकणारे.

बावेलस यांनी ऐकणाऱ्यांच्या प्रतिसादांचे दोन प्रकार मानले. ‘हं’, ‘बरं’, मान डोलावणं हे कुठल्याही गोष्टीला चालतात. दुसरे त्या त्या क्षणाचेच असतात: डोळे विस्फारणं, चेहरा कसनुसा होणं, ‘अगं बाई!’, ‘मग ब्रेक लागला का?’ शब्द मोजणाऱ्यांचे हे दुसऱ्या प्रकारचे प्रतिसाद विशेष आटले होते. झीलकरी मागे गप्प उभे राहिले तर शाहिराचा आवाज कितीही खडा असो, पोवाडा चढत नाही; तसंच हे.

नोकरीच्या मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ असं म्हणायचं आणि लगेच मान खाली घालून लॅपटॉपवर टाइप करत बसायचं, ही रीत मला म्हणूनच अन्यायाची वाटते. ऑनलाइन मुलाखतीत तर पलीकडचे कॅमेरेही पुष्कळदा बंद असतात. उमेदवार शेवटाला चाचरतो आणि ‘संवादकौशल्य कमी’ असा शेरा त्याच्या नावावर लागतो. त्यातला निम्मा शेरा मुलाखत घेणाऱ्यांच्या नावावर जायला हवा.

पण गोष्ट बिघडली, एवढ्यावर हे थांबत नाही. मोनीषा पासुपती यांच्या १९९८ मधल्या अभ्यासात, ज्यांना लक्ष देऊन ऐकणारा भेटला त्यांना सांगितलेली गोष्ट पुढेही जास्त आठवली. ऐकणारा लक्ष देत नसला की सांगणारा हात आखडता घेतो, आणि जे सांगायचं राहिलं ते स्मरणातूनही लवकर निसटतं. आठवण डोक्यात जशीच्या तशी ठेवलेली नसते. ती दरवेळी नव्याने जुळवली जाते. १९३२ सालीच ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी हे मांडलं होतं.

आणि जुळवताना आपण समोरचा माणूस बघतो. समजा, परळच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेले एक आजोबा १९८२ च्या संपाची हकीकत सांगतायत. जुन्या सहकाऱ्यांत बसले की कोण कामावर परत गेलं आणि कोण शेवटपर्यंत बाहेर राहिलं, हेच पुढे येणार. नातवंडांसमोर उपासमार गाळली जाणार, चाळीतली माया उरणार. गावी भावकीत मात्र सूर खंतीचा लागणार. यातलं काहीच खोटं नाही. प्रश्न असा की, वर्षानुवर्षं एकाच प्रकारच्या श्रोत्यांना सांगितल्यावर आजोबांना स्वतःला काय आठवेल?

१९७८ साली टोरी हिगिन्स आणि विल्यम ऱ्होल्स यांनी याचा छडा लावायला एक युक्ती केली. एका माणसाचं दुहेरी अर्थ निघेल असं वर्णन लोकांना वाचायला दिलं: हा चिकाटीचा म्हणायचा की हट्टी? मग त्याच्याविषयी अशा कुणाला तरी सांगायला लावलं, ज्याला तो माणूस आवडतो किंवा आवडत नाही. लोकांनी ऐकणाऱ्याच्या कलाने शब्द निवडले, हे ओघानेच आलं. पुढे मूळ वर्णन आठवायला सांगितलं, तेव्हा त्यांची आठवणही त्याच बाजूला झुकलेली निघाली. दुसऱ्याच्या समाधानासाठी बोललेलं त्यांचं स्वतःचं मत होऊन बसलं होतं.

मग नोकरीसाठी रंगवून सांगितलेली कहाणीही अशीच खरी वाटू लागते का? इथे गेराल्ड एख्टरहोफ आणि हिगिन्स यांचं पुढचं काम मला फार मोलाचं वाटतं. जर्मन विद्यार्थ्यांनी जर्मन श्रोत्याच्या कलाने सांगितलं तेव्हा त्यांची आठवण झुकली. तुर्की, म्हणजे त्यांना परक्या गटातल्या वाटणाऱ्या, श्रोत्याच्या कलाने सांगितलं तेव्हा बोलणं बदललं, आठवण तशी झुकली नाही. पैसे मिळावेत म्हणून कुणी शब्द बदलले, तेव्हाही आठवण जागेवर राहिली. ज्याचं मत आपण आपलं मानतो, त्याच्यापुढे बोललेलंच आत उतरतं.

हे प्रयोग तिऱ्हाइताच्या वर्णनावरचे आहेत, स्वतःच्या आयुष्यावरचे नाहीत, हे ध्यानात ठेवून मी एवढंच म्हणेन: मुलाखतीत पगारासाठी बेतलेली कहाणी त्या खोलीतच राहण्याची शक्यता जास्त, नोकरी गेल्यावर आईला काळजी वाटू नये म्हणून फोनवर सांगितलेली मात्र मुरत जाण्याची.