हिरडीखालचा दात आणि पडद्यावरची प्रतिमा

कुत्र्याचा ओठ वर करून पाहिलं की दिसतो तो दाताचा फक्त वरचा भाग. मूळ, त्याला धरून ठेवणारं हाड, आतली पोकळी हे सगळं हिरडीखाली असतं. तिथे किती काही लपलेलं असतं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून समोर आलं. वरून निरोगी वाटणाऱ्या दातांचे एक्स-रे काढल्यावर २७.८ टक्के कुत्र्यांत आणि ४१.७ टक्के मांजरांत उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचं काहीतरी सापडलं. दात दुखतो हे प्राणी सांगू शकत नाही, आणि बहुतेक प्राणी दुखत असतानाही खात राहतात. म्हणून एक्स-रे आलाच.

तो काढायचा तर प्राण्याला भूल द्यावी लागते. फिल्मच्या काळात प्रत्येक चित्र रसायनात धुऊन निघेपर्यंत थांबावं लागे, आणि कोन चुकला असेल तर पुन्हा पहिल्यापासून. आता तोंडात ठेवलेला सेन्सर काही सेकंदांत चित्र पडद्यावर आणतो. भुलीचा वेळ वाचतो, हा माझ्या मते डिजिटल यंत्रणेचा सर्वांत मोठा फायदा. पण तो तेव्हाच पदरात पडतो, जेव्हा सॉफ्टवेअर नीट बसवलेलं असतं. प्राणी भुलीखाली आहे आणि संगणकाला सेन्सर सापडत नाही, अशी वेळ येऊच नये. एखाद्या निवांत दुपारी, प्राणी टेबलावर नसताना, सगळी साखळी तपासून ठेवणं ही उपचाराचीच पहिली पायरी मानायला हवी.

बसवताना क्रम महत्त्वाचा. बऱ्याच यंत्रणांत आधी सॉफ्टवेअर, मग सेन्सरचा ड्रायव्हर (संगणकाला सेन्सरशी बोलायला लावणारा छोटा प्रोग्राम) आणि त्यानंतरच केबल जोडायची असते. उलटं केलं तर संगणक भलताच ड्रायव्हर जोडून मोकळा होतो. पुढची गोष्ट कॅलिब्रेशन फाइलची. सेन्सरमधल्या लाखो पिक्सेलांपैकी प्रत्येकाची संवेदनशीलता किंचित वेगळी असते, काही तर निकामीच असतात. या फरकांचा नकाशा त्या एका सेन्सरपुरता, त्याच्या अनुक्रमांकाला जोडून बनवलेला असतो. तो नसला किंवा दुसऱ्याच सेन्सरचा घातला, तर चित्रावर रेघा आणि डाग उमटतात, आणि दाताच्या मुळाशी पडलेला डाग रोगासारखा दिसू शकतो. संगणक बदलताना ही फाइल हमखास मागे राहते, म्हणून तिची प्रत वेगळी जपावी. वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट झोपवण्याची संगणकाची सोयही बंद केलेली बरी.

मग येते प्राण्याची निवड. माणसांसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ३२ दातांची मांडणी असते. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात, मांजराला ३०. पशुवैद्यकीय आवृत्तीत ट्रायडन पद्धतीचे तीन अंकी क्रमांक असतात: पहिला अंक जबड्याचा भाग सांगतो (वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४) आणि पुढचे दोन अंक दात. सुळा नेहमी ०४, पहिली दाढ नेहमी ०९. मांजराच्या खालच्या डाव्या जबड्यात ३०४ नंतर थेट ३०७ येतो, कारण मधले दोन दात तिला नसतातच. हे न पाळणाऱ्या मांडणीत चित्रं चुकीच्या घरात बसतात आणि नोंद चुकते.

त्याहून धोकादायक आहे चित्र उलटवण्याचं बटण. चित्र फिरवायला हरकत नाही. वरच्या दातांची मुळं वर, खालच्यांची खाली, आणि पाहणारा जणू प्राण्याच्या समोर उभा, अशी मांडणी रूढ आहे. पण आरशातल्यासारखं उलटवलं की डावा दात उजवा होतो. निरोगी दात उपटला जाण्याइतकी ही चूक गंभीर आहे. ते बटण लपवता येत असेल तर बसवतानाच लपवावं.

चित्र आलं की ते सुधारण्याचा मोह होतो. बारा बिटांच्या चित्रात करड्या रंगाच्या ४,०९६ छटा असतात, तर साधा पडदा एका वेळी २५६ दाखवतो. त्यातल्या कोणत्या दाखवायच्या हे सॉफ्टवेअर ठरवतं. मांजरांच्या दातांच्या एका आजारात मूळ हळूहळू विरघळतं. काही दातांत मुळाभोवतीची बारीक काळी रेघ शाबूत असते. असं मूळ पूर्ण काढावं लागतं. काहींत ती रेघ पुसली जाऊन मुळाच्या जागी हाडच भरत जातं. तिथे संसर्ग नसेल तर वरचा भाग कापून काम भागू शकतं. शस्त्रक्रिया किती मोठी करायची, हे त्या केसाएवढ्या रेघेवर ठरतं, आणि कॉन्ट्रास्ट वाजवीपेक्षा वाढवला तर ती नाहीशी होऊ शकते. कडा ठळक करणारं फिल्टर उलट, नसलेली काळी किनार उभी करतं. म्हणून रोगाचं निदान आधी काहीही न बदललेल्या चित्रावरून करावं आणि फिल्टर नंतर लावावेत. किरणांची मात्रा चुकली तरी सॉफ्टवेअर उजेड आपोआप सावरून घेतं, त्यामुळे मात्रेचे आकडे अधूनमधून तपासायलाच हवेत. चुकीच्या कोनातून आखूड किंवा लांबट आलेलं मूळ मात्र कोणतंच सॉफ्टवेअर नीट करत नाही.

साठवणीसाठी डायकॉम हे वैद्यकीय चित्रांचं प्रमाण स्वरूप वापरावं. त्यात प्राण्याची जात आणि जबाबदार व्यक्तीचं नाव यांसाठी वेगळी घरं आहेत, त्यामुळे मालकाचं नाव रुग्णाच्या जागी घालावं लागत नाही. मूळ फाइलची एक प्रत त्या संगणकाबाहेर हवी. वर्षभराने तिची किंमत कळते: तरुण कुत्र्याच्या दातातली पोकळी वयानुसार अरुंद होत जाते, पण दात आतून मेला की ती तेवढीच रुंद राहते. दोन्ही सुळ्यांची जुनी आणि नवी चित्रं, त्याच कोनातून घेतलेली, शेजारी ठेवली की कोणता सुळा मेलाय ते ओळखता येतं, मग बाहेरून तो कितीही पांढराशुभ्र असो.