नवजात अर्भकाचे गर्भाबाहेरील अनुकूलन

गर्भात असताना बाळाला प्राणवायू आणि अन्न वारेतून मिळते, ऊब आईच्या शरीराची असते. जन्मल्यावर ही सगळी कामे बाळाच्या शरीराला स्वतः पेलावी लागतात. या स्थित्यंतराला गर्भाबाहेरील अनुकूलन म्हणतात. श्वसन आणि रक्ताभिसरण मिनिटांत पालटते, ऊब आणि रक्तशर्करा सांभाळणे तासा-दिवसांत जमते, रक्ताचा पालट मात्र महिनोन्महिने चालतो. ही शरीरक्रिया सगळीकडे सारखीच असते. तरी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतले हवामान, बाळंतपणाच्या रीती आणि सातपुड्यातली अंतरे यांमुळे इथे तिचे काही टप्पे अधिक नाजूक ठरतात.

गर्भाची फुफ्फुसे द्रवाने भरलेली असतात. कळांच्या काळातल्या संप्रेरकांमुळे हा द्रव शोषला जाऊ लागतो. पहिल्या काही श्वासांत वायुकोश फुलतात आणि सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ ते मिटू देत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हा पदार्थ कमी असल्याने त्याला श्वास घेताना कष्ट पडतात. फुफ्फुसांत हवा शिरताच तिथल्या रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली खिडकी मिटते आणि फुफ्फुसांना वगळून जाणारी धमनीवाहिनी पूर्ण दिवसांच्या बाळात साधारण 2-3 दिवसांत बंद होते. जन्मतः रक्तातले प्राणवायूचे प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास असते, ते 85 ते 95 टक्क्यांवर यायला सुमारे 10 मिनिटे लागतात. म्हणून सुरुवातीला हातपाय निळसर दिसले तरी बाळ रडत असेल तर घाबरू नये. श्वास न घेणाऱ्या बाळाला मात्र पहिल्या मिनिटातच मदत लागते. बाळ ठीक असेल तर नाळ किमान 1 मिनिट थांबून कापावी, म्हणजे वारेतले बरेच रक्त त्याला मिळते.

खानदेशात सर्वांत दुर्लक्षित राहतो तो तापमानाचा प्रश्न. नवजात बाळाला कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. मान, पाठ आणि मूत्रपिंडांभोवतीची तपकिरी चरबी जाळून ते अंग गरम ठेवते. कमी वजनाच्या बाळात ही चरबी थोडीच असते. अंग ओले राहिले की तापमान झपाट्याने उतरते. धुळ्याची थंडी किंवा तोरणमाळच्या पठारावरची रात्र अशा बाळाला जीवघेणी ठरू शकते. म्हणून जन्मताच कोरडे करणे, आईच्या उघड्या छातीशी धरणे आणि पहिली अंघोळ किमान 24 तास पुढे ढकलणे महत्त्वाचे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून, जिथे रुग्णाला झोळीतून किंवा नर्मदाकाठी बोटीतून न्यावे लागते, तिथे छातीशी बांधलेले बाळ हाच उबेचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

मे महिन्यात हेच उलटे होते. जळगावात पारा 45 अंशांवर जातो, पत्र्याचे घर तापते आणि त्यातच बाळंतिणीच्या खोलीचे दार-खिडकी लावून शेगडी पेटवली जाते. बाळाच्या घामाच्या ग्रंथी पुऱ्या काम करत नसतात, त्यामुळे ते कपड्यांत गुंडाळलेले असताना तापते. कोंडलेल्या खोलीतला कोळशाचा धूर तर आई आणि बाळ दोघांनाही विषारी ठरू शकतो. बाळाचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस असावे. उन्हाळ्यातही त्याला वरून पाणी पाजायचे नसते, दूध अधिक वेळा पाजायचे.

जन्मानंतर पहिल्या 1-2 तासांत रक्तातली साखर घटते, पुढे यकृतातला साठा आणि चीक, म्हणजे आईचे पहिले घट्टसर दूध, ती सावरतात. चीक पिळून टाकणे, मध चाटवणे किंवा घुटी पाजणे या रीती अजूनही काही घरांत दिसतात आणि त्या थांबायलाच हव्यात. चीक थोडाच असला तरी बाळाच्या जठराला तेवढा पुरतो आणि संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडेही देतो. सुरुवातीला वजन 7 ते 10 टक्क्यांपर्यंत उतरते व साधारण दोन आठवड्यांत भरून येते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी सौम्य कावीळ बहुधा यकृत अजून सरावलेले नसल्याने होते. पहिल्या 24 तासांतली कावीळ, किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ, ताबडतोब डॉक्टरांना दाखवावी.

बेंबीची नाळ सहसा 5 ते 15 दिवसांत गळते. तिला राख किंवा शेण लावल्याने धनुर्वात व्हायचा. पाचवीला सटवाई पुजण्यामागच्या भीतीत पहिल्या आठवड्यातल्या अशा मृत्यूंचा वाटा असावा. भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याची नोंद 2015 साली झाली. तरीही नाळ कोरडी आणि उघडी ठेवण्याचा नियम कायम आहे.

रक्तातला पालट सर्वांत सावकाश होतो. प्राणवायू घट्ट धरणारे गर्भीय हिमोग्लोबिन सुमारे सहा महिन्यांत ओसरते आणि त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते. नंदुरबारच्या भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचा, म्हणजे प्रौढ हिमोग्लोबिनमधल्या दोषामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा, आनुवंशिक आजार आढळतो. गर्भीय हिमोग्लोबिन असेपर्यंत असे बाळ धडधाकट दिसते, लक्षणे नंतर उमटतात. त्यामुळे आई-वडील सिकलसेलचे वाहक असतील तर जन्मानंतर लगेच टाचेतून रक्त घेऊन तपासणी करावी.